खुंटीवरचं दावं

दारव्ह्याच्या कोर्टात मी तेहतीस वर्षं वकिली केली. गेल्या वर्षी गुडघ्यांनी स्थगिती मागितली आणि मी ती कायमची देऊन टाकली. आता घरीच असते, पण लोक सोडत नाहीत. परवा भाजीला गेले तर भाजीवाल्यानं वांगी तोलता तोलता विचारलं, "वकीलबाई, दुकानात पाटी असते पाहा, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मंग खरंच घेत नाही का?" मी म्हटलं, "पाटी कायद्याहून मोठी नसते. माल खराब निघाला तर पाटीकडे बोट दाखवून सुटका नाही." त्यानं मुकाट्यानं माझ्या पिशवीतलं एक किडकं वांगं काढलं आणि चांगलं टाकलं. इतक्या लवकर फी मला कोर्टात कधी मिळाली नाही.

लोकांना वाटतं, वकिली म्हणजे खून नाहीतर घटस्फोट. माझं पोट मात्र भरलं ते सेल ऑफ गुड्स अॅक्टवर, म्हणजे माल विकण्या-घेण्याच्या कायद्यावर. १९३० सालचा, हातात मावेल एवढा कायदा. त्याच्या लेखी कापूस माल, सायकल माल, साडी माल आणि बैलही मालच. बैलाला माल म्हटलेलं आमच्या पक्षकारांना मुळीच आवडत नाही. या कायद्याचा सगळा जीव एका प्रश्नात आहे: वस्तू एकाची संपून दुसऱ्याची नेमकी कधी होते? हो म्हटलं तेव्हा, पैसे मोजले तेव्हा, की उचलून नेली तेव्हा? तो क्षण सापडला की भांडण अर्धं मिटतं, कारण त्यानंतर वस्तूचं जे काही बरंवाईट होईल ते सहसा नव्या मालकाच्या नशिबी.

यात माणसं मात्र एकेक भेटली. राजूरच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दारव्ह्यात लेकीकडे राहायला आले होते. आठवडी बाजारातून त्यांनी गाभण म्हणून शेळी घेतली. तीन महिने वाट पाहिली, शेळी नुसती जाड होत गेली. ते शेळीसकट माझ्या ऑफिसात आले, तिला जिन्याच्या कठड्याला बांधलं आणि म्हणाले, "पाहून घ्या, हिच्यात काही हाय का?" कायद्यातलं विचारा, शेळीतलं मला काय कळणार? पण वर्णन करून विकलेला माल वर्णनासारखा नसेल तर परत करता येतो, हे मला ठाऊक होतं. मी कडक नोटीस पाठवली. नोटीस त्या विक्रेत्याला पोचली त्याच दिवशी शेळी व्यायली, दोन पिल्लं. गृहस्थ पेढे घेऊन आले आणि नोटीस परत मागवता येते का म्हणून विचारू लागले. विक्रेत्याचं उत्तर मात्र आलंच. त्यानं एकच ओळ लिहिली होती: 'आता दोन पिल्लांचे वेगळे पैसे द्यावे.'

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुढे लागणार आहे. कापडाच्या जुन्या दुकानांत बायका पाच साड्या घरी घेऊन जातात, घरच्यांना दाखवतात, एक ठेवतात आणि चार परत करतात. व्यापारी याला जांगड म्हणतात. जांगडावर नेलेल्या साड्या तुमच्या घरात, तुमच्या कपाटात असल्या तरी त्या अजून दुकानदाराच्याच. पण त्यातली एक तुम्ही फॉल लावून नेसून लग्नाला गेलात, तर तोंडानं 'घेतली' म्हणायची गरज नाही. तुमच्या वागण्यानं तुम्ही ती घेतली. कलम चोवीस. एवढं कलम लक्षात ठेवा, म्हणजे पुंडलिकरावांची गोष्ट नीट कळेल.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. पोळा होऊन आठवडा झाला असेल. सत्तरीचा एक उंच, वाळका माणूस बायकोला घेऊन माझ्याकडे आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"वकीलबाई, मी चोर हाय का? एवढंच सांगा. मंग बसतो."

हे पुंडलिकराव. दारव्ह्यापासून सहा-सात किलोमीटरवरच्या खेड्यात त्यांची थोडी शेती. बैलजोडी होती, त्यातला एक उन्हाळ्यात गेला. उरला चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. एकट्या बैलाला ना नांगर ना बैलगाडी. स्वतःचंही वय झालेलं, म्हणून त्यांनी चांद्याला विकायचं ठरवलं. शेजारच्या गावच्या नामदेवकडेही असाच एक एकटा बैल होता, राजा नावाचा. किंमत ठरली. पण नामदेव म्हणाला, "काका, आठ दिवस जुंपून पाहतो. राजाशी जमलं तं ठेवतो, नाही तं आनून बांधतो." पुंडलिकराव हो म्हणाले. पैशाची देवाणघेवाण झाली नाही, कागद झाला नाही. आमच्याकडे बैलाचा व्यवहार असाच होतो. म्हणजे चांद्या जांगडावर गेला, साडीसारखाच.

पाचव्या दिवशी पोळा आला.

"पोळ्याच्या दिवशी ही पुरनाचं ताट घेऊन गोठ्यात गेली," पुंडलिकराव बायकोकडे न पाहता म्हणाले. "खुंटा रिकामा. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नवतं. तिथंच बसली ताट मांडीवर घेऊन. मले पाहवलं नाही."

त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंडलिकराव नामदेवच्या गावी गेले. घरची सगळी माणसं मुलांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा पाहायला गेली होती. शेजारच्या ओट्यावर एक बाई बसली होती. तिला यांनी सांगितलं, "नामदेवले सांगजा, चांद्याले घेऊन गेलो." आणि भर रस्त्यानं, चार लोकांशी राम राम करत, बैल घरी आणला. आदल्याच दिवशी नामदेवनं ही जोडी अख्ख्या गावासमोर तोरणाखाली मिरवली होती. आता गाव हसायला लागलं. रागाच्या भरात तो पोलीस स्टेशनला गेला आणि बैल चोरीला गेल्याची तक्रार दिली.

मी पुंडलिकरावांना बसवलं. सांगितलं, "आठ दिवस थांबायला हवं होतं, तुम्ही वचन मोडलंत. पण वचन मोडणं वेगळं आणि चोरी वेगळी. नामदेवनं हो म्हटलं नव्हतं, तोवर बैल तुमचाच. आपला समजून आपला बैल नेला, ही चोरी होत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. मग ते म्हणाले, "अजून एक सांगाचं हाय. मी गेलो तं चांद्याच्या गयात माहं दावं नवतं. नवं बांधलं होतं."

मला यात काही विशेष वाटलं नाही. आमचं घर बौद्ध, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ना शेत ना बैल, पोळा आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलेला. तेव्हा पुंडलिकरावांनीच मला शिकवलं. दावं म्हणजे बैल खुंट्याला बांधायची दोरी. बैल विकला की विकणारा आपलं दावं सोडून घरी घेऊन जातो, ते बैलाबरोबर देत नाही. घेणारा आपलं दावं आणतो आणि बांधतो. तो बांधला की बैल त्याचा. पाहायला नेलेला बैल मात्र जुन्याच दाव्यावर जातो.

मला कलम चोवीस आठवलं. साडीला फॉल लावणं ते हेच. दावं बदललं, म्हणजे नामदेवनं वागण्यातून हो म्हटलं, म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल त्याचा झाला. आणि दुसऱ्याच दिवशी यांनी तो सोडून नेला.

नामदेवच्या तक्रारीत दाव्याचा उल्लेख नव्हता. "दाव्याचं कोणाला बोलू नका," मी म्हटलं.

"खोटं बोलू?"

"खोटं नका बोलू. कोणी विचारलं नाही तर सांगू नका."

कायद्यानं यात काही चूक नव्हती. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे. पण त्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलावरची फाईल उगाच सरळ केली.

केस अकरा महिने चालली. चांद्याला पोलिसांनी पुंडलिकरावांच्याच ताब्यात ठेवलं, कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन असा त्यांच्याकडून बाँड लिहून घेऊन. पहिल्या तारखेला मी कोर्टात पोचले तर आवारातल्या कडुनिंबाला चांद्या बांधलेला, समोर कडब्याची पेंढी, आणि पुंडलिकराव शेजारी उकिडवे बसलेले. सात किलोमीटर चालत आणला होता. मी कपाळावर हात मारला. "अहो, बोलावल्यावर आणायचा!" ते म्हणाले, "तारीख म्हंजे बोलावनंच न?" कोर्टाचा शिपाई आवारात पडलेलं शेण पाहून माझ्यावर उखडला. पुंडलिकराव निमूटपणे ते शेण उचलू लागले तेव्हा दोन वकील हसले. मला हसू आलं नाही. त्या वर्षात ते लग्नाला गेले नाहीत, मयतीला गेले नाहीत. गावातल्या हॉटेलात चहा प्यायला बसायचं सोडलं. कोणी तोंडावर काही म्हणत नव्हतं, पण ते आले की लोकांची बोलणी थांबायची. निकाल विरुद्ध गेला असता तर तुरुंगात किती दिवस जावं लागलं असतं ते सांगता येत नाही. पण हा माणूस त्याआधीच खंगून गेला असता, याची मला खात्री होती.

साक्षी सुरू झाल्या. न्यायाधीश कोकणातले, नवीन बदलून आलेले. पहिला उभा राहिला नामदेव. चाळिशी ओलांडलेला, धिप्पाड, कोर्टात घाबरून घाम पुसणारा. सरकारी वकिलांनी विचारलं आणि त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकनी केली. पोळ्याले नवं दावं बांधलं. राजाच्या जोडीनं तोरनाखाली नेलं. सगळ्या गावानं पाह्यलं. बैल माहा झाला."

त्यानं मोबाइलमधला फोटोही दाखवला. तोरणाखाली दोन बैल, दोघांच्या गळ्यात एकसारखी नवी दावी. मी इतके महिने जे झाकून ठेवलं होतं ते न्यायाधीशांच्या टेबलावर चकाकत पडलं.

"खांदशेकणी म्हणजे?" न्यायाधीशांनी विचारलं. सरकारी वकिलांनी खुशीत समजावलं: जू वाहून वाहून बैलाचे खांदे सोलतात, म्हणून आदल्या दिवशी हळद-लोणी लावून ते शेकतात आणि बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. आवतण म्हणजे जेवणाचं आमंत्रण.

मी उलटतपासणीत विचारलं, "बैल ठेवतो, असं पुंडलिकरावांना कळवलंत?" तो म्हणाला, "कळवाचं काय त्यात?" याच्यापुढे मला काही मिळालं नाही. मागे आरोपीच्या पिंजऱ्यात पुंडलिकराव खाली मान घालून उभे होते.

मग त्याची बायको आली, शांताबाई. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, आवाज खणखणीत. नवऱ्यानं सांगितलं तेच तिनं सांगितलं: दावं मीच बांधलं, खांदे मीच शेकले. सरकारी वकील समाधानानं खाली बसले आणि माझी पाळी आली.

वकिलीत आम्हाला पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत नाही, तो साक्षीदाराला विचारायचा नाही. मी हे कित्येक ज्युनिअरना बजावलं आहे. पण त्या दिवशी मी चिडलेली होते, स्वतःवरच. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "दुसऱ्याच्या बैलाचं दावं सोडलंत. मग ते जुनं दावं कुठं फेकलंत?"

"फेकाल कायले?" शांताबाई म्हणाल्या. "खुंटीले हाय."

"कोणत्या खुंटीला?"

"गोठ्यातल्या. दाराजवळच्या. चांगलं अंबाडीचं दावं हाय, लुगड्याचा काठ गुंफेल. धुवून टांगलं."

पिंजऱ्यात पुंडलिकरावांनी मान वर केली. ते दावं त्यांनीच वळलेलं होतं. काठ कौसल्याबाईंच्या लुगड्याचा.

इथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. "टांगून कशाला ठेवलंत?"

"आठ दिवस कुठं झालते, बाई? राजाशी जमते का नाही, पाहून राह्यलो होतो. नसतं जमलं तं वापस धाडा लागलं असतं. अन् बैल वापस धाडाचा तं त्याच्याच दाव्यावर धाडा लागते. आपल्या दाव्यावर कोनी धाडते का?"

"मग नवं बांधलं कशाला?"

शांताबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी शिकलेली बाई आणि इतकं साधं कळू नये.

"पोळा होता न! पाहुना घरी असला तं त्याले सनाच्या दिवशी मळक्या कपड्यावर जेवाले बसवता का तुमी?"

न्यायाधीश टायपिंग करणाऱ्या मुलीला म्हणाले, "जसंच्या तसं घ्या. 'पाहुणा' हा शब्दही घ्या." नामदेव बायकोकडे पाहत होता. मला वाटलं तो रागावेल. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दावं खुंटीला आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. गाव हसल्यावर तो ते विसरला होता, एवढंच.

मी खाली बसले. सुटल्याचा आनंद होताच, पण लाजही वाटत होती. ज्या दाव्यावर मी पुंडलिकरावांची जीभ बांधली होती, त्याच दाव्यानं त्यांना सोडवलं होतं. मी त्यांना मोकळेपणी बोलू दिलं असतं, तर कोणीतरी पहिल्याच महिन्यात जाऊन ती खुंटी पाहिली असती. कायदा मला पाठ होता. गोठा मी पाहिलाच नव्हता. इतक्या वर्षांच्या वकिलीत बऱ्याच चुका केल्या, पण ही मी अजून विसरलेले नाही.

निकाल पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की पसंतीसाठी नेलेला बैल अजून विकत घेतला गेला नव्हता, आणि जुनं दावं जपून ठेवणं हीच त्याची खूण. मालकानं ठरल्या मुदतीआधी बैल परत नेला हे बरोबर नाही, पण ती चोरी नाही. आरोपी निर्दोष.

बाहेर आल्यावर पुंडलिकराव पायरीवर बसले. "मी चोर नाही, असं लिहिलं का त्यायनं?"

"लिहिलंय."

"कागदावर?"

"कागदावर. शिक्का मारून."

त्यांनी पाणी मागितलं. मी माझी बाटली दिली, त्यांनी ती सगळी संपवली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना पाठ टेकून बसलेलं पाहिलं. खरं सांगते, मीही शेजारच्या पायरीवर बसले, कोट घालूनच, लोक पाहत होते तरी. सगळ्या अंगातून ओझं उतरल्यासारखं वाटलं.

कौसल्याबाई नवऱ्यामागे उभ्या होत्या. इतक्या तारखांना आल्या, पण त्यांचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. समोरून नामदेव आणि शांताबाई आले. मला वाटलं, आता भांडण. मी उठून उभी राहिले.

शांताबाईंनी पिशवीतून दावं काढलं. अंबाडीचं, पिवळसर, त्यात लाल काठ.

"काकाजी, हे तुमचं. वर्षभर ठेवलं."

पुंडलिकरावांनी हात पुढे केला नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. विकणारा आपलं दावं घेतो, तेव्हा काय होतं, हे त्या चौघांनाही ठाऊक होतं, आणि एव्हाना मलाही.

"काका, मी तक्रार कराले नको होती," नामदेव म्हणाला.

"अन् मी न सांगता न्याले नको होतं," पुंडलिकराव म्हणाले. "वर्षभर खुंट्याले उभा हाय तो. एकट्या बैलाले करमत नाही बावा. तुहा राजा कसा हाय?"

"तोही एकटाच हाय. दुसरा पाह्यला, जमलं नाही."

कौसल्याबाईंनी हलकेच मान हलवली. तेव्हा पुंडलिकरावांनी दावं घेतलं, घडी केली आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधलं. "घेऊन जाय उद्या."

"आणि किंमत?" मी विचारलं. वकिलाची सवय. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. "ठरली होती न," नामदेव म्हणाला, आणि विषय संपला.

शांताबाई कौसल्याबाईंकडे वळल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "काकू, तुमीच येजा पोळ्याले. आजच आवतन घ्या. ताट तुमच्याच हातानं देऊ त्याले."

कौसल्याबाईंनी डोळे पुसले आणि त्या पहिल्यांदाच, मला ऐकू येईल असं, बोलल्या.

"पुरनात जायफळ टाकता का तुमी? त्याले जायफळ चालत नाही."

"मंग यंदा बिनजायफळाचं," शांताबाई म्हणाल्या.